सांभाळून न घेणारा साथीदार



आमच्याकडे ड्रम मशीन आलंय ही बातमी मंदिरापासून भिशीपर्यंत सगळीकडे पोहोचलेली दिसते. "आता घरात ढोल बडवणार का?" असं दोघी-तिघींनी विचारून झालं. तर आधी हेच सांगते, की ढोल कुणी बडवत नाही. लेक बेस गिटार वाजवते, तिच्या रियाजाला साथ म्हणून ही छोटी पेटी आणली आहे. बहुतेक वेळा तिचा आवाज हेडफोनच्या बाहेरही येत नाही. पण ती पेटी निवडताना मला बराच विचार करावा लागला. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं आज गिटार नाहीतर कीबोर्ड शिकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेस गिटार म्हणजे काय, हे मलाही तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. दिसायला गिटारच, पण मान लांब आणि तारा जाड. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार. सूर गिटारपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, म्हणजे कानाला ऐकू येण्यापेक्षा पोटात जाणवणारा आवाज. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही. आपल्या कांदा-लसूण नसलेल्या वरणात हिंगाचं जे काम, तेच गाण्यात बेसचं. आहे तोवर कुणी नाव घेत नाही, नसलं की सगळे म्हणतात, आज काहीतरी चुकलंय.

लेक बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात चौघांचा ग्रुप आहे. तिघं मुलगे आणि ही. गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस ती घरी आली, गिटार पिशवीत घातली आणि कपाटावर टाकली. ड्रम वाजवणारा मुलगा म्हणाला होता, "हिची लय पळते. स्नेहसंमेलनासाठी दुसरा कुणीतरी बघू." मुलाने ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "आई, माझ्यात लयच नाही," एवढंच बोलली. पुढचे पंधरा दिवस कपाटावरची पिशवी खाली आली नाही.

मला बेस वाजवता येत नाही. पण भजनी मंडळात मी वीस वर्षं गाते आहे, म्हणजे लय पळते म्हणजे काय हे मला नक्की कळतं. मी तिच्या मोबाइलमधलं त्यांच्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं. गाणं सुरू होताना जी लय होती, ती संपताना राहिली नव्हती, बरीच चढली होती. पण चढवली कुणी, हे ऐकून सांगता येईना. चौघंही बरोबरच पळत होते. तेव्हा मला आमच्या मंडळाची गोष्ट आठवली.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एक गुरुजी तबल्याला यायचे. आम्ही अंतऱ्याला पुढे गेलो तर तेही पुढे यायचे, दम घ्यायला थांबलो तर हातचं काहीतरी वाजवून वाट बघायचे. आमचं गाणं सुंदर चाललंय असं सगळ्यांना वाटायचं. मग ते मुलाकडे पुण्याला गेले आणि मंडळाने इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी घेतली. बंगळुरूच्या राडेल कंपनीच्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील, तशीच. पहिल्या संध्याकाळी बाराजणी बारा वेळांना समेवर पोहोचल्या! पेटी कुणासाठी थांबली नाही. गुरुजी आम्हाला किती सांभाळून घेत होते, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

सांभाळून घेणं हा आपल्या घरांचा पायाच आहे. सून सासूला, सासू सुनेला, मोठी जाऊ धाकटीला. त्याशिवाय संसार होत नाही. पण ज्याला स्वतःची लय तपासायची आहे, त्याला दिवसातला थोडा वेळ तरी असा साथीदार हवा, जो सांभाळून घेत नाही. आणि त्याने रागावूही नये, टोमणा मारू नये, "दुसरा कुणीतरी बघू" असं म्हणू नये. माणसात हे दोन्ही एकत्र मिळणं अवघड आहे. यंत्रात मिळतं.

मग पहिला प्रयोग घरच्या घरी केला. मंडळाची तबला-पेटी दोन दिवसांसाठी आणली आणि आठ मात्रांचा केरवा लावून दिला. पिशवी कपाटावरून खाली आली, हेच मोठं. लय धरायला त्याचा उपयोग झाला, पण दोन अडचणी आल्या. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीत असतो आणि बेसही तिथेच, त्यामुळे दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि आपला सूर नेमका कधी पडला ते कळत नाही. शिवाय ती जी गाणी वाजवते त्यांची घडण वेगळी. त्यांत चार मात्रांपैकी पहिल्या-तिसऱ्यावर साधारणपणे किक पडते, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर पडतो, टाळीसारखा कडक. वर हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटता-उघडता येणाऱ्या झांजा, सारख्या चालू असतात. बेसवाल्याने किकशी जोडी जमवायची असते. किक आणि बेसचा सूर एका क्षणी पडला तर दोन आवाज मिळून एकच, भरीव आवाज होतो. जरा मागेपुढे झालं की दोन ठोके वेगवेगळे ऐकू येतात. हे शिकायचं तर किक हवी, केरव्याने ते काम होत नाही.

ही यंत्रं काही आजची नाहीत. १९५९ मध्येच अमेरिकेतल्या वुर्लित्झर कंपनीने 'साइडमॅन' नावाचं ताल देणारं कपाट ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी काढलं होतं. १९८० मध्ये जपानच्या रोलँडचं प्रसिद्ध टीआर-८०८ आलं. त्याच सुमारास त्यांच्याच बॉस या नावाखाली 'डॉक्टर ऱ्हिदम' नावाची लहान पेटी आली, ती घरी एकट्याने सराव करणाऱ्यांना परवडेल अशी. पुढे रोलँडने टीबी-३०३ नावाचं एक यंत्र काढलं, बेसवाला नसेल तर त्याच्या जागी वाजवायला. हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे मला काढून टाकायचं मशीन चाळीस वर्षांपूर्वीच आलंय!" मी तिला चरणजित सिंग यांचं नाव सांगितलं. मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार, बेस गिटारही वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये हीच दोन यंत्रं, ८०८ आणि ३०३, घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा फारशी कुणी विचारली नाही, पण पुढे जगभर तिचं कौतुक झालं. बेस वाजवणाऱ्या माणसाने यंत्राला घाबरायचं कारण नाही, एवढंच मला त्यातून सांगायचं होतं.

विकत काही घेण्याआधी महिनाभर मोबाइलवर काम चालवलं. ताल देणारी फुकट अॅप भरपूर आहेत. संगणक असेल तर 'हायड्रोजन' नावाचं ड्रमचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही, लय दोन्हीकडे सारखीच पक्की असते. आमच्याकडे अडलं ते मोबाइलमुळे. ताल लावायला म्हणून हातात घेतला की आधी मेसेज दिसतात. मग उत्तरं, मग रील. तासाभराच्या रियाजातला अर्धा तास असाच जायचा. शिवाय मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून किक ऐकूच येत नाही, नुसती टकटक येते. वायरलेस हेडफोन लावले तर वेगळीच गंमत. त्यांत आवाज किंचित उशिरा पोहोचतो. स्वतःच्या गिटारचा सूरही त्यातूनच ऐकायचा असेल तर बोट आत्ता आणि आवाज नंतर! लय सुधारायला बसलेल्या मुलीसाठी हे अगदी उलटं औषध. म्हणून हेडफोन वायरचेच, हा पहिला नियम ठरला.

मग कोल्हापूरला एका दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्यात जास्त बटणांचं मशीन आधी पुढे केलं, आपल्याला साडीच्या दुकानात सगळ्यात जड शालू आधी दाखवतात तसं. तिथे आणि घरी इंटरनेटवर जे पाहिलं, त्याचे मोटामोटी चार प्रकार पडतात.

पहिला म्हणजे पूर्ण ड्रम मशीन. अलेसिसचं एसआर-१६ हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. ते १९९० च्या सुमारास आलं आणि पुढे दशकानुदशकं विकलं गेलं. त्यात २३३ आवाज आहेत, स्वतःचे ताल रचता येतात, पायाने चालू-बंद करता येतं. गाणी तयार करणाऱ्याला ते उत्तम. पण आत स्पीकर नाही, आणि शिकणाऱ्या मुलीला २३३ आवाजांतून निवडायला लावणं म्हणजे रियाजाऐवजी निवडच होत राहणार.

दुसरा प्रकार पायाने दाबायच्या पेडलचा, बीटबडीसारखा. एकदा दाबलं की ताल, मध्ये दाबलं की वळणाचा तुकडा, हात मोकळे. फार सोयीचं, पण आमच्या खर्चाच्या हिशेबाबाहेर. याच रांगेत डिजिटेकचं ट्रिओ नावाचं पेडल दिसलं. ते गिटारचे सूर ऐकून ड्रमबरोबर बेसही स्वतःच वाजवतं. ते गिटारवाल्यासाठी आहे. बेसवालीने ते घेऊन काय करायचं?

तिसरा प्रकार अगदी बारीक, थेट गिटारला खोचायचा. व्हॉक्सचं अॅमप्लग २ बेससाठी वेगळं मिळतं. हेडफोन त्यातच लागतात, बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय आहे, आणि नऊ ताल आतच आहेत. पडदा मात्र नाही, त्यामुळे आज नेमक्या किती लयीत वाजवलं हे आकड्यात दिसत नाही.

चौथा प्रकार टेबलावर ठेवायच्या छोट्या पेटीचा. कोर्गचं केआर मिनी हे त्यातलं. स्पीकर आत, बॅटरीवर चालतं, पायाचा स्विच जोडता येतो.

घरी येऊन आम्ही दोघींनी वहीत लिहून काढलं, खरंच काय हवं ते. पेटी उचलल्यापासून अर्ध्या मिनिटात ताल सुरू झाला पाहिजे. किक आणि स्नेअर स्पष्ट वेगळे ऐकू आले पाहिजेत. लय एकेका आकड्याने कमी-जास्त करता आली पाहिजे आणि तो आकडा दिसला पाहिजे. आवाज कमी-जास्त करायला गोल बटण हवं. हेडफोनची सोय हवी. वीज गेली तरी चाललं पाहिजे. साधे दोन-चार ताल पुरेत, त्यात सहा मात्रांचा एक हवा, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या चालीची गाणीही वाजवता येतील. एवढंच. वहीत न लिहिलेली एकही गोष्ट आहे म्हणून जास्त पैसे द्यायचे नाहीत, असंही ठरवलं. सासूबाईंनी परिग्रहाची मर्यादा घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, "नसलेल्या गोष्टींची यादी आधी केलीस, हे बरं केलंस."

साध्या तालाचा आग्रह मी काटकसरीसाठी धरला नाही. भरगच्च ताल लावला, झांजा, घुंगरू, तुकडे सगळं, तर त्या गर्दीत बेसचा सूर थोडा मागेपुढे झालेला कळतच नाही. वाजवणाऱ्याला वाटतं, छान जमलं. किक, स्नेअर आणि हाय-हॅट एवढंच असलं की झाकायला काही उरत नाही. रियाजाच्या मशीनने मन रिझवायचं नसतं.

शेवटी केआर मिनीच घेतलं, पुण्याच्या एका विद्यार्थ्याने वापरलेलं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. आणि तिसऱ्या प्रकारातलं बारीक अॅमप्लग तिच्याकडे वाढदिवसाचं आलेलं होतंच. पेटीतून एक केबल त्यात, ते गिटारला, हेडफोन त्याला. ताल आणि स्वतःचा सूर दोन्ही एकाच कानात, आणि घरात शांतता.

सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "चामड्याचं काही नाही ना त्यात?" तबला-ढोलकीला कातडं लागतं, म्हणून त्यांना शंका येणं साहजिक. मशीन प्लास्टिकचं, गिटारच्या तारा धातूच्या. फक्त गळ्यात अडकवायचा पट्टा बघून घ्यावा लागतो, तो पुष्कळदा चामड्याचा असतो. आमचा सुती आहे. तुमच्या मुलांसाठी घेताना तेवढं विचारा.

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी होतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. सासूबाई सामायिकाला बसतात, ४८ मिनिटं. तेवढाच वेळ लेकीने रियाजासाठी धरला आहे. त्या एका खोलीत, ही दुसऱ्या खोलीत. बेस गिटारला स्वतःचा आवाज फारसा नसतोच, दाराबाहेर नुसती तारांची पुटपुट येते. त्या उठल्या की हिचाही हात थांबतो.

रियाज कसा करायचा, तेही थोडक्यात सांगते. सुरुवात मिनिटाला ६० ठोक्यांनी, म्हणजे सेकंदाला एक. ऐकायला सोपं वाटतं, पण हळू लय सगळ्यात अवघड, दोन ठोक्यांमध्ये भरकटायला जागा खूप. आधी एकच सूर, फक्त किकवर. मग सूर कुठे थांबवायचा ते, स्नेअर पडताक्षणी सूर बंद. सूर कधी सुरू करायचा याइतकंच कधी सोडायचा हेही बेसमध्ये मोजलं जातं. ते नीट बसलं की लय चार-चार ठोक्यांनी वर. काही दिवसांनी नुसता मेट्रोनोमचा टिकटिकाट लावून आणखी एक गंमत करायची. गाणं ८० च्या लयीचं असेल तर टिकटिक ४० वर ठेवायची आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा समजायचा. पहिली आणि तिसरी मात्रा आपल्या आपण सांभाळायच्या.

रविवारी दुपारी मात्र हेडफोन काढून, स्पीकर लावून माझी पाळी असते. ती वाजवत असताना मी आवाजाचं बटण हळूच शून्यावर नेते. मशीन आत चालूच असतं, फक्त ऐकू येत नाही. चार आवर्तनं मनात मोजून मी आवाज परत वाढवते. ती समेवर असेल तर किक तिच्या सुराखाली अलगद येऊन बसते. नसेल तर दोघींनाही लगेच कळतं, कुणी काही बोलावं लागत नाही. पहिल्या रविवारी ती जवळजवळ अर्धी मात्रा पुढे निघालेली होती. म्हणजे लय पळत होती हे खरंच होतं. त्या दिवशी ती रडली नाही, वहीत तारीख घालून 'पुढे' असं लिहिलं. दहाव्या रविवारपर्यंत त्या रकान्यात कधी 'पुढे', कधी 'मागे', आणि मग 'सम' असे शब्द येऊ लागले. "माझ्यात लयच नाही" हे वाक्य मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. लय ही असण्या-नसण्याची गोष्ट नसून किती पुढे, किती मागे हे मोजण्याची आहे, हे तिला मी सांगून पटलं नसतं. पेटीने पटवलं.

डिसेंबरात तिने ग्रुपला सांगितलं, दुसरा कुणी शोधण्याआधी एकदा माझं ऐका. ऐकलं आणि ठेवलं. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "आई, आता मला कळलं. माझी लय पळायची, पण वळणाचे तुकडे वाजवताना तोही पुढे पळतो. आधी मी त्याच्याबरोबर पळायचे, म्हणून कुणालाच समजत नव्हतं." मी विचारलं, "मग सांगितलंस का त्याला?" म्हणाली, "नाही. मशीन देऊन आले. रविवारी परत देईल."

आता ती पेटी आठवड्यातले दोन दिवस त्या मुलाच्या घरी असते. त्याची आई परवा मंदिराजवळ भेटली, विचारत होती, "काय हो वहिनी, हे मशीन चांगलं आहे ना? एकदम गप्प बसवलंय त्याने आमच्या पोराला."

तुमच्या घरी कुणी गिटार, कीबोर्ड किंवा गाणं शिकत असेल तर आधी मोबाइलवर महिनाभर करून बघा. अडलं तरच पेटी घ्या, आणि घ्याल ती कमीत कमी बटणांची घ्या. आवाजाचं बटण गोल फिरणारं आहे ना, तेवढं बघा. रविवारी दुपारी ते फिरवायला कुणीतरी जवळ बसा.